डोळ्यांची पोच

कारखान्यातली पाटी आपल्याकडे बघते आहे, हे माणसाच्या अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? विजयमाला तोडकरच्या मते तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात माणसं पाटीखालून जाताना शर्टाची बटणं लावून घ्यायची. दुसऱ्या आठवड्यात कुणी तिला डोळा मारला, कुणी जीभ काढून दाखवली. तिसऱ्या आठवड्यात लोक तिच्याशी भांडायला लागले, आणि मग ती घरातलीच झाली.

कोल्हापूरच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या औद्योगिक वसाहतीतली ही फाउंड्री. लोखंड वितळवायचं, साच्यात ओतायचं, थंड झालं की कडा घासून तुकडा साफ करायचा. विजयमाला तिथलं सेफ्टी स्टोअर सांभाळायची. हेल्मेट, गॉगल, हातमोजे, कानातले बोळे द्यायचे, परत घ्यायचे, आणि कारखान्यातल्या चौतीस पाट्या रोज सकाळी आठ वाजता फडक्यानं पुसायच्या. दहावीपर्यंत शिकलेली, अठ्ठेचाळीस वर्षांची बाई. पण चष्म्याच्या काचेवरून तिनं रोखून बघितलं की समोरचा साहेब उगाचच फाइल चाळायला लागायचा.

पूर्वी पाट्या पत्र्याच्या होत्या. लाल गोल म्हणजे करू नका, पिवळा त्रिकोण म्हणजे जपून, आणि निळा गोल म्हणजे करायचंच, त्यात चर्चा नाही. निळ्या गोलात एक पांढरं तोंड आणि डोळ्यांवर गॉगल. किंवा पांढरं डोकं आणि त्यावर हेल्मेट. या निळ्या गोलाचं दुखणं एकच होतं. आठ दिवसांनी तो दिसेनासा व्हायचा. पाटी भिंतीवरच असायची, डोळेही तिच्यावरून फिरायचे. पण मेंदू मोठा काटकसरी. जे रोज तेच असतं ते तो बघून न बघितल्यासारखं करतो. घरातल्या घड्याळाची टिकटिक पाहुण्याला ऐकू येते, घरच्यांना येत नाही, तसंच हे.

मग कुणा संशोधकांना एक बारीक गोष्ट सापडली. डोळ्यांनी नुसतं बघणं आणि मनानं घेणं यात फरक असतो, आणि तो फरक बाहुलीत दिसतो. अर्थ मनात उतरला की त्या क्षणी बाहुली केसाएवढी रुंदावते आणि परत जागेवर येते. आपल्याला स्वतःला कळत नाही, पण चांगल्या कॅमेऱ्याला कळतं. त्यावरून ही नवी पाटी निघाली. वरच्या कडेला मधोमध मसुराच्या दाण्याएवढा काळा डोळा. कमरेच्या बिल्ल्यावरून तिला समजायचं कोण आलंय, आणि बाहुलीवरून समजायचं की त्याला कळलंय का. नसेल कळलं, तर पाटी चाळे सुरू करायची. निळा रंग थरथरायचा, चित्रातलं तोंड वळून तुमच्याकडे बघायचं, गॉगल नाकावर घसरायचा. बाहुलीनं कबूल केलं की ती थांबायची आणि रजिस्टरात ओळ पाडायची. नाव, वेळ, किती सेकंद, आणि शेवटी एकच शब्द: पोचलं.

“माझ्या बायकोनं बी एवढं निरखून बघितलं न्हाई कधी,” असं भट्टीवरची माणसं म्हणायची.

पहिल्या वर्षात अपघात निम्म्यावर आले. पेढे वाटले गेले. विजयमालानंही खाल्ला, पण एक गोष्ट तिला तेव्हापासून खटकत होती. पूर्वी खात्यात शिरताना माणसांचा हात आपसूक डोक्याकडे जायचा, हेल्मेट आहे ना चाचपायला. आता जात नव्हता. पाटी हलली की घालायचं. पाटी गप्प, तर आपण गप्प. आठवण ठेवायचं काम माणसांनी भिंतीवर टांगून टाकलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, फेटलिंग खात्यात, म्हणजे जिथं कडा घासतात तिथं, ग्राइंडरवरून उडालेली लोखंडाची कपची हिंदुराव तोडकरच्या डाव्या डोळ्यात गेली. हिंदुराव विजयमालाचा सख्खा धाकटा दीर. गॉगल त्याच्या खिशात होता.

डोळा वाचला नाही.

सेफ्टी ऑफिसर उपाध्ये साहेबांनी रजिस्टरचं पान काढायला सांगितलं, ते विजयमालानंच स्वतःच्या हातानं काढलं. प्रिंटरमधून कागद गरम बाहेर आला. हिंदुराव तोडकर, ७:०६, फेटलिंग दार, १.७ सेकंद. पोचलं.

या एका शब्दाचा अर्थ वसाहतीत सगळ्यांना ठाऊक होता. पोचलं असूनही गॉगल घातला नाही, म्हणजे जाणूनबुजून उल्लंघन. तो शेरा एकदा नावापुढं लागला की सगळ्या कारखान्यांच्या गेटवर दिसतो, आणि कुठलंच गेट उघडत नाही. हिंदुराव सेहेचाळीस वर्षांचा. त्याच्या हातांना लोखंडाशिवाय दुसरं काही येत नव्हतं. चौकशी दहा दिवसांवर होती. तोवर शेरा पेन्सिलीनं लिहिल्यासारखा होता. चौकशीनंतर तो पक्का होणार होता.

“वहिनी, पाटी गप हुती,” दवाखान्यात हिंदुराव म्हणाला. अर्धं तोंड पट्टीत.

“गप म्हंजे?”

“म्हंजे गप. तोंड वळवलं न्हाई, रंग हलला न्हाई, काय न्हाई. मला वाटलं, खातं अजून चालूच झालं नसंल, म्हणून इचारत न्हाई. एकच कड ऱ्हायलीती. म्हटलं, मारू एक हात.”

“भाऊजी, रजिस्टरात पोचलं आलंय.”

“मग रजिस्टरालाच इचारा,” असं म्हणून त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

विजयमालाचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. वाईट वाटलं, पण बसला नाही. हाच माणूस सिगारेट सुटली म्हणून पाच वर्षं घरभर मिरवत होता आणि गोठ्यामागं जाऊन ओढत होता. खोटं बोलताना तो नेहमी छताकडं बघायचा. आता एकाच डोळ्यावरून ते ओळखायचं कसं, हेही तिला कळेना.

दोन्ही भावांची घरं एकाच अंगणात. विजयमालाचा नवरा ऊसतोडणीचं मशीन घेऊन अथणीकडं गेलेला, तो काही इतक्यात येत नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी नळावर धाकटी जाऊ शालन तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“अक्का, एक इचारू?”

“इचार की.”

“तो कागद तुमीच काढला म्हणं.”

“सायबानी सांगितलं, काढला.”

“वाचला बी असंल.”

“वाचला.”

“मग तुमाला काय वाटतं? ह्यो खोटं बोलतोय?”

विजयमालानं उत्तर द्यायला फार नाही, एक घागर भरायला निम्मा वेळ लागेल एवढाच उशीर केला. तेवढा पुरला.

“कळलं,” शालन म्हणाली आणि अर्धी भरलेली घागर उचलून निघून गेली. त्या दिवसापासून इकडची भाजीची वाटी तिकडं गेली नाही आणि तिकडची इकडं आली नाही. एकोणीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. अंगणातली कोंबडी तेवढी दोन्ही घरांत पूर्वीसारखी हिंडत होती.

नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, “मशीन कशाला खोटं बोलंल?” मग जरा थांबून, “पर हिंद्या तरी कशाला बोलंल?” आणि रेंज गेली. निदान त्यानं तसं सांगितलं.

पाचव्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिनं स्टोअरचं दार लोटून घेतलं आणि त्या सकाळची सगळी पानं उघडली. एक तरी ओळ वेगळी सापडावी, एवढीच इच्छा होती. एका तरी माणसाला पाटी पोचली नसेल, म्हणजे भाऊजींच्या बोलण्याला काहीतरी टेकण मिळेल. सकाळच्या पाळीची एक्केचाळीस माणसं. एक्केचाळीसही ओळी पोचलेल्या. इतका गुणी कारखाना तिनं कधी बघितला नव्हता. दसऱ्याची झोप डोळ्यांवर घेऊन आलेली माणसं, आणि एकाचीही बाहुली चुकली नाही?

तिची शंका तिथं पहिल्यांदा जागची हलली. मग तिला स्वतःचं नाव दिसलं.

विजयमाला तोडकर, ६:५८, फेटलिंग दार, १.३ सेकंद. पोचलं.

ती पुढं गेली आणि परत मागं आली. सहा अठ्ठावन्नला ती त्या दारातून गेली होती, हे खरं. पण ती उलटी गेली होती. खंडेनवमीच्या हारांचं पोतं भरलं होतं, ते उचलेना, म्हणून दोन्ही हातांनी ओढत, पाठमोरी, वाकून. तिच्या डोळ्यांपुढं होतं ते पोतं आणि स्वतःच्या चपला. तिनं पाटी बघितलीच नव्हती. आणि पाटीनं तरी तिला कशानं बघितलं?

तिनं स्वतःच्या बोटांकडं बघितलं.

खंडेनवमीला या फाउंड्रीत भट्टीची पूजा होते, क्रेनची होते, ग्राइंडरची होते, वजनकाट्याचीसुद्धा होते. यंदा भट्टीवरचे म्हातारे म्हणाले, पाटी पण जीव वाचवते, तिला का वगळायचं? सगळ्यांना पटलं. उपाध्ये साहेबांनी नारळ फोडला. हळदीकुंकवाचं ताट अर्थातच विजयमालाच्या हातात आलं. ती स्टूल घेऊन चौतीस पाट्यांपुढं चढली आणि उतरली. कुंकू गळू नये म्हणून तेलात घट्ट कालवलेलं. लावायचं कुठं, हा प्रश्नच पडला नाही. प्रत्येक पाटीवर एक तोंड होतं, आणि तोंडाच्या वर, बरोबर मधोमध, कपाळ असावं तिथं एक काळा ठिपका. कुठल्याही बाईचं बोट तिथंच गेलं असतं. तिनं प्रेमानं, चांगलं ठसठशीत लावलं.

दसऱ्याला सुट्टी. दुसऱ्या दिवशी, भाऊजींना दवाखान्यात हलवल्यावर, आठ वाजता तिनं सवयीनं पाट्या पुसल्या. फडकं लाल झालं होतं, ते आता आठवलं. सात वाजून सहा मिनिटांनी चौतीसच्या चौतीस पाट्या आंधळ्या होत्या.

भाऊजी खरं बोलत होते. आणि पाटी गप्प होती ती तिच्याच बोटामुळं.

या दोन वाक्यांतलं पहिलं घेऊन ती शालनकडे पळत गेली असती. दुसऱ्यानं तिला खुर्चीत बसवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती उपाध्ये साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब पस्तिशीचे, स्वभावानं वाईट नाहीत. चहा फुंकून फुंकून पितात.

“साहेब, पाटीचा डोळा झाकलेला असला, तर ती काय लिहिते?”

फुंकणं थांबलं. “झाकलेला म्हणजे?”

“धूळ बसली समजा.”

साहेब उठले, दार लावून आले. “तोडकरबाई, रिकामी ओळ चालत नाही. रिकामी ओळ पडली की नियमानं ते खातं बंद ठेवावं लागतं. आणि फाउंड्री म्हटली की धूळ आलीच, घाम आला, उजेडाची तिरीप आली. रोज दहा वेळा खातं बंद कोण ठेवणार? म्हणून पाटीवाल्या कंपनीनं आतमध्ये सोय केली आहे. डोळा दिसला नाही तर पाटी त्या माणसाची सवय बघते. शंभरातनं सत्त्याण्णव वेळा पोचलं असेल, तर याही वेळी पोचलंच असणार, असं धरते. सेकंदसुद्धा त्याच्या सरासरीचेच भरते.”

“मग रजिस्टरात कसं कळायचं, बघितलेली ओळ कुठली आणि धरलेली कुठली?”

“नाही कळत.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“असल्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात. कागदावर कुठंच नसतात.” त्यांनी कप खाली ठेवला. “तुमच्या मनात काय चाललंय ते मला कळतंय. खंडेनवमीला मीही होतो. पण एक विचार करा. पाटीचा डोळा झाकला तर कामावरनं काढतात, वर पोलीस केस. हा नियम नव्या माणसांना कोण वाचून दाखवतं?”

“मीच.”

“नारळ मी फोडला, बाई. कुंकवाचं बोट माझं नव्हतं.”

हे त्यांनी धमकावून सांगितलं की काळजीनं, हे तिला घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही. चौकशीच्या आदल्या दिवशी पाटीवाल्या कंपनीचा एक गुळगुळीत दाढी केलेला माणूस लॅपटॉप घेऊन आला आणि तीन तास कुठल्यातरी खोलीत बसला. तो काय करतोय, विचारलं तर “रुटीन,” म्हणाला. आतली ती सोय त्यानं गुपचूप काढून टाकली असली तर? उद्या पाटीनं रिकामी ओळ पाडली तर? मग भाऊजी खोटे ठरणार ते ठरणारच, आणि वर पाटी आंधळी करणारी बाई म्हणून हिचं नाव लागणार. त्यापेक्षा गप्प बसणं सोपं होतं. ती देवासमोरचा कुंकवाचा करंडा पर्समध्ये टाकून झोपली, आणि सकाळी उठून तो दोनदा बाहेर काढला, दोनदा परत टाकला.

चौकशी ट्रेनिंग हॉलमध्ये होती, अकरा वाजता. सरकारी चौकशी अधिकारी गीते मॅडम टेबलामागं. बारीक केस, जाड पेन. एका बाजूला उपाध्ये साहेब आणि तो कंपनीचा माणूस, दुसऱ्या बाजूला हिंदुराव आणि शालन. शालननं थोरल्या जावेकडं मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.

“रजिस्टर तुमच्याकडे असतं?” मॅडमनी विजयमालाला विचारलं. “ही ओळ बरोबर आहे, असं तुम्ही लिहून द्यायचं आहे.”

“ओळ आहे, मॅडम. बरोबर नाही.”

कंपनीचा माणूस हसला. “पाटी अंदाज करत नाही, मॅडम. ती बघते आणि लिहिते.”

“दोन मिनिटं द्या मला,” विजयमाला म्हणाली. तिनं खुर्ची हॉलच्या दारापाशी ओढली. दारावर हेल्मेटची निळी पाटी होती. ती खुर्चीवर चढली, करंडा उघडला, आणि पाटीच्या काळ्या डोळ्यावर बोटभर कुंकू दाबून लावलं.

“अहो, हे काय?” कंपनीचा माणूस उठलाच. “हा गुन्हा आहे!”

“बसा,” गीते मॅडम म्हणाल्या. त्यांनी पेनाचं टोपण लावलं होतं.

“भाऊजी, या. हितनं भायेर जायचं. उजवा डोळा मिटून.”

“वहिनी, पडंन की मी.”

“शालन धरंल.”

मग शालन उठली. तिनं नवऱ्याचा हात धरला. एक डोळा पट्टीखाली, दुसरा घट्ट मिटलेला, कमरेला बिल्ला, असा हिंदुराव पाय चाचपत पाटीखालून बाहेर गेला. चौकटीला खांदा घासला तेव्हा “अगं आई!” म्हणाला. पाटी गप्प होती. रंग हलला नाही, तोंड वळलं नाही.

“साहेब, रजिस्टर दाखवा,” विजयमाला म्हणाली.

उपाध्ये साहेबांनी लॅपटॉप उघडला. स्क्रीन रिकामी होती. कंपनीच्या माणसाच्या खांद्यांचा ताण जरासा सैल झाला, हे तिनं बघितलं. एक, दोन, तीन. मग ओळ पडली. साहेबांनी ती वाचली नाही. लॅपटॉप मॅडमकडं वळवला. मॅडमनी वाचली, मोठ्यानं.

“हिंदुराव तोडकर. अकरा वाजून बावीस. एक पूर्णांक सात सेकंद. पोचलं.”

बाहेरून हिंदुराव ओरडला, “उघडू का आता डोळा?”

कुणीच हसलं नाही. गीते मॅडमनी आधी ती ओळ उतरवून घेतली, मग कंपनीच्या माणसाकडं बघितलं. तो काहीतरी अपवादात्मक परिस्थितीबद्दल बोलायला लागला. “मला गेल्या तीन वर्षांच्या सगळ्या ओळी लागतील,” त्या म्हणाल्या. “त्यातल्या धरलेल्या किती आणि बघितलेल्या किती, हे सांगता येत नसेल, तर तसं लिहून द्या. या माणसाचा शेरा आज निघतो.” मग त्या विजयमालाकडं वळल्या. आवाज तोच. “त्या दिवशी पाटीवर कुंकू होतं, असं तुमचं म्हणणं. कुणी लावलं होतं?”

उपाध्ये साहेब टेबलाकडं बघत होते. हिंदुराव दारात येऊन उभा होता, तोच घाईनं म्हणाला, “खंडेनवमी हुती, मॅडम. सगळ्यांनीच पुजा केली. कुणाकुणाचं नाव सांगायचं?” आणि असं म्हणताना त्यानं छताकडं बघितलं.

“मी लावलं,” विजयमाला म्हणाली. “चौतीसच्या चौतीस. माझ्या हातानं.”

“नियम माहीत होता?”

“पाठ होता, मॅडम. त्या दिवशी आठवला नाही.”

ती हे मॅडमना सांगत होती, पण बघत होती शालनकडं. शालनचा हात हिंदुरावच्या हातातून सुटला होता. तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जागेवर बसताना दिसत होती: पाटी का गप्प होती, कुणामुळं, आणि हे अक्काला किती दिवस ठाऊक होतं. शेवटच्या गोष्टीपाशी ती जास्त वेळ थांबली.

मॅडमनी जबाब लिहिला. दोन पानं झाली. “वाचून सही करा.”

विजयमालानं पेन घेतलं. आयुष्यभर तिनं “वाचलं” या शब्दाखाली न वाचता सह्या केल्या होत्या, पगाराच्या कागदावर, प्रशिक्षणाच्या कागदावर, ही पाटी बसवली तेव्हा आलेल्या बारीक अक्षरांच्या कागदावर. पेन टेकवणार एवढ्यात शेजारची खुर्ची सरकली. शालन येऊन बसली होती. तिच्याकडं न बघता तिनं पहिलं पान स्वतःपुढं ओढलं.

“माझा राग गेला न्हाई, अक्का. जाईल का ते बी ठाव न्हाई,” ती हळू आवाजात म्हणाली. “पर अशी सही करू नका. हितं ‘हेतुपुरस्सर’ लिवलंय. म्हंजे काय?”

“मुद्दाम,” विजयमाला म्हणाली.

“मुद्दाम केलं का तुमी?”

“न्हाई गं.”

“मग मॅडमना सांगा, खोडा म्हणावं.”

मॅडमनी तो शब्द खोडला. दोघी जावा पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागल्या, एकेका ओळीखाली बोट ठेवून, आणि सगळा हॉल वाट बघत थांबला.